तिसऱ्या ट्रेतले टोमॅटो

उन्हाळा सरत आला की काकूंच्या परसात टोमॅटोंचा असा काही सुकाळ होई की भिंतीकडेची बारा झाडं काठ्यांसकट वाकत. आणि त्यातला एकही धड टोमॅटो गेल्या नऊ वर्षांत काकूंच्या तोंडात गेला नव्हता. ऐकणाऱ्याला वाटेल, बाईला काही पथ्य असेल. पथ्य कसलं डोंबलाचं. नवरा होता.

हा नवरा बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस होता. पांढऱ्या उजेडाच्या पडद्यासमोर स्टुलावर बसायचं, पट्ट्यावरून सरकणाऱ्या रिकाम्या बाटल्यांकडे बघायचं आणि जिच्यात बुडबुडा, चीर किंवा वाकडी मान दिसेल ती उचलून बाजूला टाकायची, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. भल्याभल्यांचे डोळे तासाभरात पाणावतात त्या कामाने. यथावकाश ते निवृत्त झाले. पट्टा कारखान्यात राहिला, डोळे तेवढे घरी आले. गल्लीत सगळे त्यांना तपासनीसच म्हणत, आणि चारचौघांत काकूही 'आमचे तपासनीस' असाच उल्लेख करत.

घरी बसल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी मागच्या ओट्यावर तीन ट्रे मांडले. पहिला बियाण्याचा. झाडावरचं सगळ्यात देखणं फळ हेरायचं, त्याच्या देठाला काकूंच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा बांधायचा, पुरतं पिकू द्यायचं, मग उजेडाकडे धरून चहूबाजूंनी फिरवून बघायचं आणि पहिल्या ट्रेतल्या मऊ फडक्यावर अलगद ठेवायचं. पुढे त्याच्या बिया पिळून काढून तीन दिवस पाण्यात ठेवायच्या, धुवायच्या, कागदावर वाळवायच्या. गर गेला खताच्या खड्ड्यात. दुसरा ट्रे देण्याचा. शेजारी, औषधांच्या दुकानाचा मालक, पोस्टमन, नणंद. तिथे एखादा टिपका चालायचा, पण साल अखंड हवी. आणि तिसरा ट्रे घरचा. तडकलेले, देठाशी चिरलेले, पाखरांनी चोच मारलेले, अळी आत शिरताना कुणी पाहिली नाही पण बाहेर येताना दिसली असले, ते सगळे घरचे.

"फुटके आधी संपवू," तपासनीस म्हणत. "धड आहेत ते काय, नंतरही खाता येतील."

बोलणं असं शहाणपणाचं की त्यावर बोट ठेवायला जागा नाही. फक्त फुटके संपेस्तोवर धड वाटून झालेले असत, आणि झाडावर ताजे फुटके तयार. ते 'नंतर' काही उजाडलं नाही. काकड्यांची तीच तऱ्हा. सरळ काकडी लोकांकडे आणि विळ्यासारखी वाकलेली घरी. घेवड्याच्या कोवळ्या शेंगा पुढच्या दाराने बाहेर, आणि जून शेंगांच्या शिरा ओढत काकू मागच्या दारात. मक्याच्या कणसात दाण्यांपेक्षा फटी जास्त दिसल्या की ते कणीस न सांगता घरचं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. इथे पिकत होतं तिथं खायलाही मिळत नव्हतं.

काकू समोरच्या खोलीत शिवणकाम करत. पँट आखूड करा, चेन बदला, कंबर सैल करा. गिऱ्हाईक कपडे न्यायला आलं की तपासनीस मागून दुसऱ्या ट्रेतले चार टोमॅटो घेऊन हजर. गिऱ्हाईक म्हणे, "वा, काय देखणे आहेत हो." तपासनीसांची छाती चार बोटं वर. चवीला कसे होते, हे सांगायला मात्र नऊ वर्षांत एक माणूस परत आला नाही. जग कृतघ्न आहे, एवढाच काकूंनी त्यातून अर्थ काढला होता.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. काकूंना टोमॅटोची हाव नव्हती. हवेच असते तर कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे काय कमी होते? सल वेगळाच होता. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, नाक मुरडलं होतं. "दिवसभर खुसपटं काढणारा माणूस," ताई म्हणाली होती, "तुझ्यात किती काढील बघ." तेव्हा काकूंनी मान ताठ करून उत्तर दिलं होतं, "ज्याला काही म्हणजे काही पसंत पडत नाही, त्याने मला पसंत केलंय. यात काय ते समज." त्या एका वाक्याच्या जोरावर बाईने सदतीस वर्षं संसार रेटला. आणि आता रोज दुपारी तिसऱ्या ट्रेतला एखादा टोमॅटो कापताना, त्याचा काळा पडलेला भाग सुरीने कोरून काढताना मनात येई, की आपली स्वतःची जागा या माणसाच्या लेखी नक्की कितव्या ट्रेत आहे?

तर यंदा ताईचा फोन आला. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या ताईचे फोन नोटिशीसारखे असत. शनिवारी दुपारी जेवायला येते, संध्याकाळच्या गाडीने परत. चार वर्षांनी येत होती. काकूंनी बुधवारीच विषय काढला.

"अहो, ताई येतेय. तिच्या पानात टोमॅटो ठेवायचाय. अख्खा. चिरलेला नको."

"ठेव की. तिसऱ्यातला घे."

"तिसऱ्यात अख्खा कुठून यायचा?"

"दुसरा तर औषधवाल्याकडे जायचाय. शनिवारी त्याच्याकडे पाहुणे आहेत, शब्द दिलाय मी."

"माझ्याकडेही पाहुणीच येतेय."

तपासनीस अगदी मनापासून हसले. "ताई कुठल्या पाहुण्या? ताई घरच्या आहेत."

पंचाईत अशी की ते प्रेमाने बोलले होते. वाईट बोलले असते तर दोन शब्द उलट टाकता आले असते. इथे माणूस मान देत होता आणि हातात किडका टोमॅटो ठेवत होता. काकू गप्प बसल्या. पण त्या गप्प बसल्या म्हणजे गप्प बसल्या असा कुणी समज करून घेऊ नये.

शनिवारी ताई आली. तपासनीसांनी "या, या" केलं, तब्येत विचारली आणि दुसरा ट्रे सायकलच्या मागे बांधून ते औषधवाल्याकडे गेले. फाटक लागल्याचा आवाज ऐकून काकू मागच्या ओट्यावर आल्या. पहिल्या ट्रेत नऊ फळं होती. लालबुंद, गुळगुळीत, एकसारखी, देठाला दोरे. काकूंनी एक उचलला. तो ताईचा. दोन पावलं गेल्या, परत फिरल्या आणि दुसरा उचलला. चोरी करायचीच तर ताईच्या नावावर कशाला?

पानात टोमॅटो बघून ताईचे डोळे मोठे झाले. "अगं, खरा आहे का मेणाचा?"

"आमच्या परसातला," काकू म्हणाल्या. नऊ वर्षं वाट पाहिलेली गोष्ट समोर होती. त्यांनी सुरी घेऊन एक फोड काढली आणि तोंडात घातली.

पाणी. काकूंनी पुन्हा चावून बघितलं. थोडं जाडसर पाणी. आंबट नाही, गोड नाही, आणि साल अशी की दातांना ती ओलांडायलाच वेळ लागावा.

ताई समोर सावकाश चावत होती. "छान आहे हो," ती म्हणाली. "मीठ आहे का जरा?" मीठ दिलं. "आणि थोडं मीठ?" तेही दिलं. तिसऱ्यांदा ताईने विचारलं नाही, भांडंच पुढे ओढलं. मुलांच्या खोट्या सबबी ऐकण्यात हयात गेलेल्या बाईला स्वतः खोटं बोलणं काही जमत नव्हतं.

जेवण उरकलं. ताई ताट ठेवायला स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर एका वाडग्यात काकूंनी संध्याकाळच्या रश्शासाठी तिसऱ्या ट्रेतल्या टोमॅटोंचे तुकडे करून ठेवले होते. काळं कोरून काढल्यामुळे तुकडे म्हणजे नुसत्या वेड्यावाकड्या चिंध्या. ताईने सहज एक तोंडात टाकला. मग दुसरा. मग ती वाडगा हातात घेऊन तिथेच उभी राहिली.

"हे कुठून आणलेस गं?"

"ते होय? ते घरचेच. फुटके, पाखरांनी खाल्लेले."

"आणि मघाचे?"

"तेही घरचेच. ते बियाण्याचे. यांनी नऊ वर्षं निवडून निवडून काढलेत."

ताईने वाडगा तळापर्यंत पुसून खाल्ला. "पाखरं गोड असेल त्यालाच चोच मारतात," ती म्हणाली. "ज्याला पाखरूही शिवलं नाही, त्याच्यावर डाग कुठून येणार? तुझ्या तपासनीसांनी नऊ वर्षं बिनचवीचेच निवडलेत, बाई."

काकूंना आधी हसू फुटलं. दोघी बहिणी मोरीशी उभ्या राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. नऊ वर्षं काकू परसातला सगळ्यात गोड माल खात होत्या, आणि अख्खी गल्ली देखणं पाणी. यापेक्षा मोठा न्याय कुठला असायचा? पण ताईला गाडीत बसवून परत येताना ते हसू कुठे गेलं ते त्यांनाही कळलं नाही. गोड मिळालं होतं खरं. पण गोड म्हणून कुणी दिलेलं नव्हतं. टाकाऊ म्हणूनच दिलं होतं. ते गोड निघालं, ही टोमॅटोची मेहेरबानी.

घरी आल्या तर तपासनीस ओट्यावर पहिल्या ट्रेपाशी बसलेले. फडक्यावर दोन जागा रिकाम्या.

"दोन कमी आहेत," ते म्हणाले.

"खाल्ले. एक ताईने आणि एक मी."

काकू पदर खोचून भांडणाला उभ्या होत्या. सगळी उत्तरं वाटेतच जुळवून झाली होती. पण तपासनीसांनी आवाज चढवला नाही. त्यांनी मान वर केली आणि हळूच विचारलं, "कसा होता?"

तेव्हा काकूंच्या ध्यानात आलं. यांनीही तो कधी खाल्ला नव्हता. बियाण्याला तोंड लावायचं नाही हा नियम त्यांच्यासाठीही होताच, आणि त्यांच्याही पानात नऊ वर्षं फुटकेच पडत आले होते. सांगावं का 'अमृतासारखा'? जिभेवर आलंही होतं. पण नऊ वर्षांचा राग त्याच्या आधी बाहेर पडला.

"अळणी," काकू म्हणाल्या. "नुसतं पाणी. ताईने तीनदा मीठ घेतलं."

"ताईंना सर्दी असेल."

"ताईंना सर्दी नव्हती."

तपासनीसांनी ट्रेतला एक उचलून कापला आणि खाल्ला. "काल पाणी जास्त झालं असेल झाडाला," म्हणाले. दुसरा कापला. तोही खाल्ला. मग तिसऱ्या ट्रेतला एक चोच मारलेला घेऊन तसाच चावला. रस हातावरून कोपरापर्यंत ओघळला, तो त्यांनी पुसला नाही.

"नऊ वर्षं," ते म्हणाले.

आपण बोलायला नको होतं, असं काकू रात्रभर स्वतःला बजावत राहिल्या.

बजावण्याचं काही कारण नव्हतं. तपासनीस तो तपासनीस. रविवारी सकाळी काकू चहा घेऊन मागे गेल्या तर लाल दोरे नव्या जागी होते. पाखराने चोच मारली रे मारली की त्या फळाला दोरा. पाखराने पारखलेलं ते पहिल्या ट्रेत, बियाण्याला. नुसतं तडकलेलं ते दुसऱ्यात, देण्याला. औषधवाल्याला त्यांनी दारात उभं करून अर्धा तास समजावलं की हा फुटका आहे म्हणूनच उत्तम आहे. तो बिचारा "हो, हो" करत राहिला आणि तपासनीसांची तब्येत बरी आहे ना, म्हणून नंतर त्याने काकूंना फोन करून विचारलं. आणि लालबुंद, गुळगुळीत, डाग नसलेले सगळे टोमॅटो तिसऱ्या ट्रेत. घरचे.

दुपारी काकूंच्या पानात एक अख्खा, चकचकीत टोमॅटो आला.

"घे," तपासनीस म्हणाले. "अख्खा हवा होता ना तुला?"

काकूंनी तो रविवारी खाल्ला. सोमवारी खाल्ला. मंगळवारी मीठ लावून खाल्ला, बुधवारी मिरपूड लावून. आधी निदान गोड तरी खात होत्या, आता तेलही गेलं आणि तूपही गेलं. गुरुवारी त्यांनी सुरी खाली ठेवली.

"अहो, मी कितव्या ट्रेतली?"

"म्हणजे?"

"फुटके वाईट होते तेव्हा फुटके मला. आता अख्खे वाईट ठरले तर अख्खे मला. चांगलं काय नि वाईट काय, ते तुम्ही ठरवा, माझं काही म्हणणं नाही. पण ठरलं की वाईट ते माझ्याकडे येतं. घरचं माणूस म्हणजे टाकाऊ माल खपवायची जागा का? मला वाईट वाटतं. नऊ वर्षं बोलले नाही, आज बोलते. मला फार वाईट वाटतं."

"अगं, घरच्या माणसाला..." तपासनीसांनी सुरुवात केली, आणि ते वाक्य त्यांना पुढे नेता आलं नाही. मग उठले आणि चपला घालून मागे गेले.

काकू मशीनवर बसल्या. एका पँटचा एक पाय दोन बोटं जास्त आखूड झाला, तो उसवला, पुन्हा शिवला, पुन्हा चुकला. मागून कसलाच आवाज नव्हता. ना झारीचा, ना ट्रे सरकवल्याचा. ऊन भिंतीवरून खाली उतरलं तरी माणूस आत येईना. जावं का बघायला, असं दोनदा वाटलं. काकू उठल्या नाहीत. जेवताना बोलल्याचा त्यांना पश्चात्ताप होत नव्हता, आणि तो होत नाही याचं त्यांना नवल वाटत होतं.

शेवटी तपासनीस आले. सदऱ्यावर पुढे लाल डाग, ओठ आंबटाने सुजलेले, आणि हातात ट्रे नव्हे, जेवायची ताटली. ताटलीत पाच टोमॅटो.

"तुझे," ते म्हणाले.

काकूंनी पाहिलं. पाचही टोमॅटोंचा एकेक घास कुणीतरी तोडलेला होता.

"हे काय?"

"बाहेरून कळत नाही," तपासनीस म्हणाले. खाली मान घालून, गुन्हा कबूल करावा तसे. "फुटका आहे म्हणून गोडच असतो असंही नाही, आणि अख्खा आहे म्हणून अळणीच असं नाही. बाटली बाहेरून कळते. याचं चाखल्याशिवाय काही खरं नाही. मग न चाखता तुला कसा देऊ? सतरा चाखले. त्यातले हे पाच चांगले निघाले."

"आणि बाकीचे बारा?"

"उष्टे लोकांना कसे द्यायचे? खाल्ले मीच." त्यांनी एक मोठी ढेकर दाबली.

काकूंनी ताटलीतला सगळ्यात मोठा टोमॅटो उचलला. आजही अख्खा काही मिळाला नव्हता. आणि या तऱ्हेने यापुढे कधी मिळेल अशी आशाही नव्हती. चावलेल्या जागी तपासनीसांच्या पुढच्या दातांमधली फट स्वच्छ उमटली होती.

"याच्या बिया काढून ठेवायच्यात?"

"नाही," तपासनीस म्हणाले. "सगळा तुझा."

काकूंनी तो फिरवून न चावलेली बाजू शोधली. सापडली. मग पुन्हा फिरवला, आणि त्यांनी चावला होता तिथूनच खायला सुरुवात केली.